हणमंताचं खातं हॅकरपासून कसं वाचलं

कण्हेरी गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव हणमंत. वय तीस. घरी बसून कॉम्प्युटरवर दुकानांची बोधचिन्हं काढायचा. चिन्हं झकास, बाकी सगळा आनंद. ज्या वेबसाइटवरून काम मिळायचं, तिथल्याच खात्यात कमाई साठवायचा. आईला दातांची कवळी करायची होती. खर्च अठरा हजार. आई तीन वर्षं भाकरी दुधात बुडवून गिळत होती.

एक दिवस फोन आला. "वेबसाइटवरून बोलतोय. ओटीपी सांगा."

हणमंतानं सांगितला. समोरच्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सावकाश सांगितला. चार हजार गेले.

तो शिरपतकाकांकडे गेला. काका रिटायर्ड हेडमास्तर. स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करायला त्यांना नात लागायची. पण गावात सल्ला त्यांचाच चालायचा. का, तर केस पांढरे.

"गाढवा," काका म्हणाले, "फोनवर कुणी काही विचारलं तर सांगायचं नाही. फोन ठेवून द्यायचा."

"बरं, काका."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. दुबईतले बेकरीवाले. "हणमंतराव, तुमचं चिन्ह आवडलं. आणखी दहा पाहिजेत. कधी द्याल?"

"नाही सांगत." फोन ठेवला.

पुन्हा वाजला. "अहो, ॲडव्हान्स पाठवायचाय. किती पाठवू?"

"ते तर मुळीच नाही सांगणार."

काम गेलं.

"अरे, ते गिऱ्हाईक होतं!" काका ओरडले. "समोरचा कोण, ते आधी बघायचं. ओळखपत्र मागायचं. फोटो जुळवायचा. जुळला तरच पुढं."

"बरं, काका."

संध्याकाळी आई रेशनचे तांदूळ घेऊन आली. हणमंत दारात आडवा.

"आधार कार्ड."

"मुडद्या, बाजूला हो. हात तुटायला आलेत."

"फोटो जुळवायचाय."

आईनं पिशवीतून कार्ड काढून अंगावर फेकलं. हणमंतानं फोटो बघितला. आईकडे बघितलं. परत फोटो बघितला.

"फोटोतल्या बाईला दात आहेत. तुम्हाला नाहीत. तुम्ही कोण?"

आई अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून होती. शिव्या देत.

"आईला ओळखपत्र मागतोस?" काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, आपल्या माणसांपासून काय लपवायचं असतं? त्यांना सगळं माहीत पाहिजे."

"बरं, काका."

तोवर एका कामाचे पैसे आले आणि अठरा हजार पुरे झाले. दातांच्या डॉक्टरनं सोमवारची वेळ दिली. आता एवढंच राहिलं होतं की, आपल्या माणसांना खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता. आपली माणसं कोण? जी आपल्या ताटात जेवतात ती. हणमंतानं घरातली पंचवीस स्टीलची ताटं भांडीवाल्याकडे नेली. लोक ताटावर नाव घालून घेतात. यानं पासवर्ड घालून घेतला.

रविवारी शेजारी बारसं होतं. त्यांनी ताटं मागून नेली. तीन पंगती जेवून उठल्या. चौथ्या पंगतीत काका बसले. जिलबी उचलली, तर खाली अक्षरं दिसली.

"हणम्या, हे काय रे ताटावर?"

"पासवर्ड."

काकांना ठसका लागला. "माझ्या ताटावर?"

"सगळ्यांच्या. आपलीच माणसं की."

आता 'पासवर्ड बदल' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण रिटायर्ड माणसाला दोन शब्दांत बोलवत नाही.

"अरे, पळ!" काका किंचाळले. "पळ आधी! तुझ्या खात्यात हॅकरला काही म्हणजे काही सापडता कामा नये!"

"बरं, काका."

हणमंत घरी पळाला. वेबसाइट उघडली. खातं कायमचं बंद करायचं बटण शोधलं. वेबसाइटनं विचारलं, खात्यात अठरा हजार आहेत, ते परत मिळणार नाहीत, नक्की बंद करायचं? हो. अगदी नक्की? हो. शेवटचं विचारतोय, नक्की? हणमंतानं तिन्ही वेळा हो दाबलं.

धापा टाकत तो पंगतीत परत आला.

"झालं, काका. खातंच बंद करून आलो. आता येऊ दे हॅकर."

"अरे, आणि कवळीचे पैसे?"

हणमंतानं छाती पुढं काढली.

"एक रुपया मागं ठेवला नाही, काका."