समितीचा अभ्यास दौरा

माझा थोरला भाऊ भानुदादा ड्रेनेजचा चेंबर साफ करताना आत गुदमरून गेला, त्याला सहा महिने झाले. पुन्हा कुणाचं असं होऊ नये म्हणून आमच्या खासदार शैलाताईंनी संसदेत विधेयक मांडलं. ते समितीकडे गेलं आणि समितीनं मला साक्षीला दिल्लीला बोलावलं.

अध्यक्ष नगरकर साहेब म्हणाले, "विषय गहन आहे. अभ्यासाला वर्षभराची मुदतवाढ मागू. एखादा दौराही काढू."

माझ्या डोक्यात सणक गेली. "मग आमच्याच गल्लीत या, साहेब. झाकण उघडून ठेवतो. दादाचे कपडे तुम्हाला बसतील. खाली उतरा आणि करा अभ्यास."

"असाच उतरू?" साहेब दचकले. "आधी गॅस तपासायला नको? कमरेला दोर नको? तो वर धरायला माणूस नको?"

"विधेयकात हीच तीन कलमं आहेत, साहेब. तुमचा अभ्यास झालासुद्धा."

साहेबांनी मुदतवाढीचा कागद फाडला. "अहवाल याच अधिवेशनात जाईल," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "तुझ्या दादाचा दोर कुणी धरला होता रे?"

"दोर नव्हताच, साहेब. असता तर मी सोडला असता का?"