सरकत्या पडद्यांची गिटार

“पण गंधार बरोबर लागलाय की नाही, एवढंच सांगा ना, बाई.”

द्वारकाबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही.

“काटा काय म्हणतो तुझा?”

केतकीने चटईवरचा फोन त्यांच्याकडे वळवला. सूर मोजणारा हिरवा काटा मधोमध उभा होता, इकडे नाही की तिकडे नाही.

“बरोबर म्हणतोय.”

“मग त्यालाच गुरू कर की.”

…

बाई कुरुंदवाडात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहतात. खाली गिरणी चालू असली की वरच्या फरशीला बारीक थरथर येते, आणि नव्या शिष्याच्या लक्षात पहिले काही महिने सुरापेक्षा ज्वारीच्या पिठाचा वासच राहतो.

केतकी नवी नव्हती. लग्नाच्या आधीपासून ती इथे गाणं शिकत होती. बैठकीला बाईंच्या मागे तंबोरा घेऊन बसायची, त्या दमल्या की आवाजाची साथ द्यायची, त्यांनी मान हलवली की गप्प व्हायची. गुरूच्या मागे बसायला मिळणं हा मोठा मान. तिथून गुरूचा अंबाडा फार छान दिसतो.

गिटार त्याहून जुनी, कॉलेजातली. बाईंकडे शिकलेलं घरी जाऊन तिच्यावर शोधायला बसावं तर सापडायचं नाही. साध्या गिटारीचे पडदे म्हणजे सहाही तारांखालून आडव्या ठोकलेल्या पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधला सूर हवा असेल, तर तो तिथे नसतोच.

म्हणून तिने बेळगावच्या एका कारागिराच्या वर्षभर मागे लागून वेगळी गिटार करून घेतली. हिच्यात प्रत्येक तारेखाली एक खाच, आणि खाचेत नखाएवढे पडदे, हवे तिथे सरकवता येणारे. रागाला जो सूर हवा तिथे पडदा न्यायचा. गिटार हातात आली तेव्हा केतकीला आठवा महिना होता आणि ती पोटाशी धरता येत नव्हती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पाळण्याचं लाकूड बघायला कधी जायचं, एवढं फक्त त्यांनी विचारलं.

थोरले गुरुबंधू वामनराव बोलले. गिटार पाहून त्यांनी आधी, सहल कुठे निघाली म्हणून विचारलं. मग बाईंच्या देखत म्हणाले की पडदे सरकवा नाहीतर उपटून टाका, ही शेकोटीपुढची वस्तू. बुवांच्या पुण्यतिथीला देवळात दिसली तर आपण उठून जाऊ.

बुवा म्हणजे बाईंचे गुरू. त्यांची पुण्यतिथी परवावर आली होती.

केतकीला त्या दिवशी पाव तास हवा होता. नुसता पाव तास, या गिटारीवर मुलतानी वाजवायला. महिनाभर ती बाईंना विचारत होती. बाई हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. आज ती शेवटचं विचारायला आली होती आणि मुलतानीचा गंधार चोख लावूनच आली होती, म्हणजे नाही म्हणायला जागाच राहू नये.

विचारण्याची तिला सवयच होती. बाळ झाल्यापासून तर फारच. खोकल्याचं डॉक्टरांना विचारायची, डॉक्टर म्हणाले ते खरं का हे मावशीला विचारायची, आणि मावशीवर विश्वास ठेवावा का हे फोनला. उत्तरं सगळ्यांची मिळायची. रात्री त्यातलं एकही पुरायचं नाही.

ते बाळ, शर्वी, कोपऱ्यात गोधडीवर झोपलं होतं. गिरणीच्या आवाजात ती गाढ झोपते हे इथे आल्यावर कळलं होतं. तरी केतकी मधूनमधून तिचं पोट वरखाली होतंय ना ते बघून घेत होती.

…

“आण इकडे,” बाई म्हणाल्या.

आजवर त्यांनी त्या गिटारीला हात लावला नव्हता. आता मांडीवर घेतली. चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला. वाजवायची तार कुठली म्हणून विचारलं, आणि केतकीने दाखवल्यावर त्या तारेखालचे बारके पडदे एकेक करून न्याहाळले. कौतुक होतं की काय, ते चेहऱ्यावरून कळेना.

मग सुपातले खडे कडेला सारावेत तसे अंगठ्याने त्यांनी सगळे पडदे एका टोकाला सारून दिले.

सकाळपासून, शर्वी झोपेल तेवढ्या तुकड्यांतुकड्यांत, तिने ते लावले होते.

“आता लाव.”

केतकीचा हात सवयीने फोनकडे गेला. फोन जागेवर नव्हता. बाई त्याच्यावर बसल्या होत्या.

“बाई, फोन…”

“ऊब देतोय. बरं वाटतंय कंबरेला. तू लाव.”

…

षड्ज लागला. पंचम लागला. त्यांचं फारसं काही नसतं, ते घरच्या माणसांसारखे येऊन बसतात.

मग गंधार.

मुलतानीत तो सरळ घेत नाहीत. गंधाराच्या पडद्यावर तार दाबायची, खेचून वर मध्यमापर्यंत न्यायची आणि तिथून सोडत सोडत गंधारावर यायचं. खेचताना बोट सोलून निघतं. आणि एवढं करून खाली आल्यावर पडदा केसभर जरी इकडेतिकडे असला तरी सगळं केलेलं पाण्यात.

केतकीने पडदा सरकवला, तार खेचली, सोडली.

“हा?”

“चढव.”

तिने चढवला.

“हा?”

“उतरव.”

उतरवला. खेचली, सोडली.

“हा?”

“चढव.”

असं किती वेळ चाललं कोण जाणे. पडदा तेवढ्याच चिंचोळ्या जागेत येरझाऱ्या घालत होता. मघाशी जिथे चढव म्हणाल्या होत्या, त्याच्या किंचित पुढे गेलं की उतरव. किंचित मागे आलं की चढव. केतकीला वाटलं, बाईंचा कान गेला. लगेच वाटलं, आपलाच गेला. आठ महिने सलग झोप नाही. कान तरी कशाच्या जोरावर राहील. काल आमटीत दोनदा मीठ घालणारीने गंधाराच्या गोष्टी कराव्यात म्हणजे कमालच.

गिटार खाली ठेवून नमस्कार करावा आणि तंबोऱ्याच्या तारा पुसायला घ्याव्यात, असंही मनात येऊन गेलं. बैठकीनंतर तिलाच चहा आणायला सांगतानाचा वामनरावांचा चेहरा आठवला म्हणून तसं केलं नाही.

तेवढ्यात वीज गेली.

खालची गिरणी घरघरत मंद झाली आणि थांबली. फरशीची थरथर गेली. खोली इतकी शांत झाली की बाईंच्या तोंडातली सुपारी ऐकू येत होती.

केतकीने त्या शांततेत पडद्याला नखाने जरासं ढकललं, तार खेचली, वर नेली… सोडत आली…

बाळाचं दूध गरम झालं की थेंब मनगटावर टाकून बघतात. गरम लागतं, गार लागतं. आणि एकदा असं होतं की ना गरम लागत, ना गार. काही लागतच नाही. तेव्हा ते दूध द्यायचं.

तार खाली येऊन थांबली, आणि केतकीला काही लागलंच नाही.

तिने पुन्हा खेचली. पुन्हा तेच. कुठे टोचत नव्हतं, कुठे ओढत नव्हतं. तो होता, एवढंच.

या खेपेला तिने ‘हा?’ म्हटलं नाही.

“चढव,” बाई म्हणाल्या.

केतकीने मान वर केली नाही.

“चढव म्हटलं.”

“नाही.”

…

बाईंनी सुपारी गालात सारली. “काय म्हणालीस?”

“नाही चढवणार. इथेच आहे तो.”

आपला आवाज वर गेलाय हे केतकीला कळलं. तो खाली आणायचा तिने प्रयत्न केला, आला नाही.

बाईंनी सावकाश सांगितलं की हा गंधार त्यांनी बुवांच्या पायाशी बसून घेतलाय, आणि तेव्हा केतकीच्या आईचंसुद्धा लग्न झालेलं नव्हतं. केतकी म्हणाली, हो. बाई म्हणाल्या की घराण्यात असा प्रश्न आजवर कुणी काढला नाही. केतकी म्हणाली की विचारणं आपण मघाशीच थांबवलं, आता आपण सांगतोय.

“परवा वामनराव उठून जातील.”

“जाऊ देत.”

“त्यांच्या मागोमाग निम्मं देऊळ जाईल.”

“जागा होईल. मंडपातली माणसं आत बसतील.”

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. सुपारी असेल.

“आणि मीच उठून गेले तर?”

…

या बाईंच्या पाठीमागे बसून केतकीने अर्धं आयुष्य ऐकलं होतं. लग्नात सप्तपदी झाल्यावर पहिला नमस्कार त्यांना केला होता. त्या उठून गेल्यावर मागे उरतं काय, ते तिने कधी मोजलंच नव्हतं.

डोळ्यांत पाणी आलं, त्याचाच तिला राग आला.

“तर मी वाजवत राहीन,” ती म्हणाली.

आणि वाजवायला लागली.

तिने विचारलं नव्हतं, कुणी वाजव म्हटलेलं नव्हतं. वर मध्यम, खाली गंधार. पुन्हा वर, पुन्हा तिथेच. गिटारीच्या पोकळ पोटातून मुलतानी निघत होता, थोडा घोगरा, थोडा भांडकुदळ, जसा वाजवणाऱ्याचा जीव तसा.

गिरणी बंद पडल्याचं शर्वीला आता कळलं. ती आधी कुरकुरली. मग रडायला लागली.

केतकीची पाठ ताठ झाली. आठ महिन्यांत असं कधी झालं नव्हतं की शर्वी रडली आणि ती उठली नाही. हातातला स्वयंपाक, तोंडातला घास, अंगावरचं अर्धं पाणी, सगळं तसंच टाकून ती धावली होती. आताही गुडघा उचलला गेला.

पण तार वर खेचलेली होती. मध्यमावर.

मध्यमावर कसं सोडणार?

तिने गुडघा खाली ठेवला. डोळे मिटले. तार सोडत, सोडत, रडणं ऐकत, गंधारापर्यंत आणली. तिथे थांबली. मग पुन्हा खेचली.

समोर साडीची सळसळ झाली. बाई उठल्या. पावलं चटईवरून फरशीवर गेली, जिन्याच्या बाजूला गेली.

गेल्या, केतकीला कळलं. खरंच गेल्या.

तिने डोळे उघडले नाहीत. वाजवत राहिली. आता निम्मं देऊळ काय, अख्खं गाव उठून गेलं असतं तरी तिला त्या गंधाराशिवाय दुसरीकडे जायला वाट नव्हती. एकदा, पुन्हा एकदा, मग षड्जावर येऊन तिने हात थांबवला.

रडणं थांबलेलं होतं.

केव्हा थांबलं, ते तिला ऐकूच आलं नव्हतं.

घाबरून वळून बघते तर जिन्याच्या दाराशी द्वारकाबाई उभ्या होत्या. आपल्याला मुलं धरता येत नाहीत, असं बारशालाच सांगून मोकळ्या झालेल्या बाई. शर्वीला त्यांनी तंबोरा धरावा तशी धरली होती, एक हात बुडाशी, मान खांद्याला टेकलेली. शर्वी त्यांच्या कानातली कुडी ओढत होती.

दोघीही केतकीकडे बघत होत्या.

…

बाईंनी बाळ तिच्या मांडीवर दिलं. चटईवरचा फोन उचलून हातात दिला. अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं.

केतकी वाट बघत राहिली. चढव म्हणतील, उतरव म्हणतील. परवाचं काहीतरी म्हणतील.

“वाजव आणि जा” एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

“परवा माझ्या मागे बसायचं नाहीस तू,” बाई म्हणाल्या.

खाली वीज आली. गिरणीचा पट्टा फटकन ओढला गेला, फरशी पुन्हा थरथरायला लागली.

“तंबोऱ्याला…”

“बघेन मी कुणीतरी.”

“मग मी कुठे बसू, बाई?”

द्वारकाबाईंनी चष्मा काढला. तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

“आता तेही मीच सांगू?”