उरलेला अर्धा खेळ

त्या मुलखात चेंडू एकच होता. माळावरच्या वस्त्या आणि नदीकाठच्या वस्त्या मिळून तो खेळत. दोन्हींच्या मधली सपाट जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती, म्हणून मैदान सगळ्यांचे होते. मैदानाला रेषा नव्हत्या. माळावरच्यांना शिंगाने मारलेला चेंडू चालायचा, नदीकाठचे चेंडू पाण्यात गेला तरी पोहत खेळत राहायचे, आणि एका बाजूने किती जणांनी उतरायचे हे त्या दिवशी कोण कोण मोकळे आहे यावर ठरे. भांडणे तर पाचवीलाच पुजलेली. पण भांडून दमले की पुन्हा खेळत, कारण दमल्यावर करण्यासारखे तिथे दुसरे काही नव्हते.

हैबती हा नदीकाठचा रेडा तेव्हा ऐन भरात होता. त्याच्या अंगावर जाण्याची छाती एकट्या सुभानाची. सुभाना हा माळावरचा बोकड. अंगाने काटक, आणि पळू लागला की चेंडू त्याच्या पायाला बांधल्यासारखा सोबत येई. खेळ संपला की दोघे ओढ्यावर एकाच डोहात तोंड घालून पाणी पीत आणि एकमेकांना शिव्या देत.

ही गोष्ट ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी निम्मा खेळ झाला होता आणि दोन्हीकडे दोन-दोन गोल होते. विसावा संपला, चेंडू पुन्हा मधोमध आला, सुभानाने तो घेतला आणि हैबती धावून गेला. त्याला चेंडू दिसत होता आणि सुभानाचा पायही दिसत होता. हे त्याने पुढे कुणाला सांगितले नाही, पण स्वतःशी कधी नाकारलेही नाही. हाड मोडल्याचा आवाज काठावर बसलेल्यांनाही ऐकू गेला. त्यानंतर चार दिवस मैदानात शिंगे, सुळे आणि चोची चालल्या, आणि दोन्हीकडचे मिळून सात जण पडले ते उठले नाहीत.

पाचव्या दिवशी हैबती एकटाच माळ चढून गेला. सुभाना बोरीच्या सावलीत पाय पसरून पडला होता. हैबती त्याच्यासमोर खाली मान घालून उभा राहिला.

"पाय गेला तो गेला," सुभाना म्हणाला. "पण उरलेला अर्धा खेळ तेवढा होऊ दे. दोन-दोनवर अडकलंय. मी काठावर बसून बघेन."

हैबतीने शब्द दिला. तेवढ्या एका शब्दातून मंडळ जन्माला आले.

तो वस्ती-वस्तीला फिरला. चार मोठ्या वस्त्यांचे चार वडीलधारे करंजाच्या झाडाखाली बसले आणि त्यांनी चेंडूमंडळ स्थापन केले. मंडळाला काम एकच होते: उरलेला अर्धा खेळ नीट पार पाडणे. पुन्हा रक्त सांडू नये म्हणून हैबतीनेच एक रीत सुचवली. खेळाआधी चौघांनी आळीपाळीने चेंडूवर खूर, पंजा किंवा पंख, ज्याचे जे असेल ते ठेवायचे आणि म्हणायचे, "या खेळात माझं कुणी नाही." मग चेंडू मैदानात जायचा. रीत सगळ्यांना पसंत पडली. हैबतीने स्वतः पुन्हा चेंडूला पाय न लावण्याचे ठरवले आणि मैदान आखायचे काम अंगावर घेतले. पाठीवर फक्कीचे पोते, पोत्याला खाली एक भोक. तो सरळ चालला की मागे पांढरी रेषा उमटे.

मंडळाने चांगले काही केलेच नाही, असे कुणी म्हणेल तर तो खोटे बोलतो. गोलखांबांमधले अंतर सगळीकडे सारखे झाले. शिंगे बंद झाली. पाण्यात गेलेला चेंडू बाहेरचा ठरला. शिट्टी आली, आणि शिट्टी वाजली की रेडासुद्धा थांबू लागला. सरावासाठी म्हणून वस्त्यांचे लहानसहान सामने मंडळ घेऊ लागले, आणि ते सामने इतके देखणे होत की म्हातारे अजून त्यांची नावे घेऊन डोळे पुसतात. उरलेला अर्धा खेळ मात्र सगळी घडी नीट बसल्यावर घ्यायचा होता, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा.

पहिल्या वर्षी तारीख ठरली आणि तिथेच माशी शिंकली. माश्यांना मंडळात अजून जागा मिळालेली नव्हती, पण शिंकायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. मुंगसांनी विचारले, चेंडूवर आमचा पंजा का नाही? प्रश्न खरा होता. हैबतीनेच त्यांची बाजू घेतली. मग पाणकोंबड्या आल्या, मग सायाळ, मग पलीकडच्या टेकाडावरचे ससे. प्रत्येकाचे म्हणणे रास्त होते. चाराचे नऊ झाले, नवाचे वीस. प्रत्येक नव्या सदस्याला शपथेसोबत चार शब्द बोलावेसे वाटत, आणि त्या चार शब्दांना शेजारच्याने उत्तर दिले नाही तर तो अपमान ठरे.

चेंडू आधी सकाळी मैदानात यायचा, तो दुपारी येऊ लागला. मग उन्हे कलल्यावर. अंधारात पाय मोडतात म्हणून सूर्य बुडाला की खेळ बंद, हा नियम मंडळाने आधीच केला होता, आणि नियम चांगलाच होता. त्यामुळे सामने आखूड होत गेले. शेवटी शेवटी तर पंच सुरुवातीची शिट्टी वाजवी, मावळतीकडे बघे आणि शेवटची शिट्टी वाजवी. दोन्ही संघ एकमेकांना मान तुकवून घरी जात. सगळे सामने शून्य-शून्य सुटू लागले.

मंडळाचा अध्यक्ष धनेश पक्षी होता. चोचीवरच्या भल्यामोठ्या शिंगामुळे तो बोलण्याआधीच खरा वाटे. दरवर्षीच्या भाषणात तो सांगे की इतकी वर्षे झाली, या मैदानावर एकाचाही पाय मोडलेला नाही. त्यावर टाळ्या पडत. हैबतीही टाळ्यांच्या वेळी पुढचा खूर आपटी, कारण मोडलेला पाय त्याला रोज दिसत होता. आपण एवढे तरी केले, असे त्याला वाटे, आणि त्या वाटण्यावर तो पुष्कळ वर्षे जगला.

तोवर चेंडू गुळगुळीत झाला होता. लाथांनी नव्हे, हातांनी. शिवण झिजून दिसेनाशी झाली होती. ज्यांनी लहानपणी त्या सामन्यात धावायचे म्हणून पाय तयार केले, त्यांचे गुडघे आता कुरकुरत. त्यांच्या मुलांनी चेंडू लांबूनच पाहिला होता.

सुभाना फार म्हातारा झाला. डोळ्यांवर पडदा आला, दाढी गळाली. हैबती दर पौर्णिमेला माळ चढून जाई, आणि सुभाना दर वेळी एकच विचारी, "कधी रे?" हैबती म्हणे, यंदा नक्की. एके वर्षी सुभानाने विचारलेच नाही. तो गप्प पडून राहिला, आणि त्याचे गप्प राहणे हैबतीला हाड मोडल्याच्या त्या जुन्या आवाजाहून जास्त लागले. त्याच्याने तिथे थांबवेना.

तो तसाच मंडळाच्या बैठकीत गेला. इतक्या वर्षांत तो बैठकीत बोलला नव्हता. आखणाऱ्याने बोलायचे नसते. फक्कीचे पोते पाठीवर तसेच ठेवून तो म्हणाला, "सुभाना यंदाचा उन्हाळा काढत नाही. उरलेला खेळ घ्या. चार हात पुरे होते, तेवढेच ठेवा."

मंडळात आता ऐंशी जण होते. त्यांच्यापैकी कुणीही रागावले नाही. धनेश उठला, हैबतीजवळ आला आणि फार मायेने म्हणाला, "हैबतीराव, ही रीत तुम्हीच घातलीत. सात जणांच्या रक्तावर घातलीत. आता कुणाचा हात काढायचा, तेही तुम्हीच सांगा."

हैबतीने सगळ्यांकडे पाहिले. मुंगूस होते, ससा होता, पाणकोंबडी होती. यातल्या प्रत्येकासाठी तो कधी ना कधी भांडला होता. त्याला एकही नाव घेता येईना.

मग त्याला एक तोड सुचली. चेंडू करंजाखालून मैदानापर्यंत मिरवत नेण्यातच निम्मा दिवस जातो, तेव्हा बैठकच मैदानात घ्या, तो म्हणाला. म्हणजे शेवटचा हात लागला की चेंडू तिथेच खाली ठेवता येईल. धनेशला हे इतके आवडले की त्याने तिथल्या तिथे ठराव मांडला. चिटणीस सायाळ होते. त्याने पाठीवरचा एक काटा उपटून ठराव लिहून घेतला. उरलेला अर्धा खेळ मंजूर झाला, तारीख पडली, आणि हैबती त्या संध्याकाळी माळ चढताना पोरासारखा धापा टाकत गेला. बातमी ऐकून सुभानाने पाणी मागितले आणि तो पोटभर प्यायला.

ऐंशी जणांना एका मेजाभोवती बसवायचे तर मेज लांब लागते. सुतारपक्षी महिनाभर खपले. सामन्याच्या सकाळी हैबती आखणीला आला, तेव्हा मेज मैदानाच्या या टोकाच्या गोलखांबांपासून त्या टोकाच्या गोलखांबांपर्यंत पसरलेले होते. त्याने सायाळाला विचारले. सायाळ म्हणाले की खेळ सुरू झाला की मेज उचलायचेच आहे, त्यासाठी उपसमिती नेमली आहे.

सगळा मुलूख लोटला होता. सुभानाला माळावरच्या चौघांनी उचलून आणले आणि ओढ्याकडच्या काठावर, जिथे त्याचा पाय मोडला होता त्या जागेच्या समोरच, बसवले. दोन्ही संघ अंग मोकळे करून उभे होते. सूर्य वर आला तसा धनेशने चेंडू घेतला, शपथ म्हटली, चार शब्द बोलला आणि चेंडू शेजारी सरकवला.

दुपारपर्यंत चेंडू मेजाच्या एका टोकाला पोचला. मेजाच्या एका अंगाला माळावरचे सदस्य बसले होते आणि दुसऱ्या अंगाला नदीकाठचे, त्यामुळे टोकाला वळसा घेऊन चेंडू नदीकाठच्यांकडे गेला तेव्हा गर्दीतून कुणीतरी हूं केले. थोड्या वेळाने पाणकोंबडीच्या पंखाखालून तो निसटला आणि शेजारच्या कासवाने मानेने अडवला. टाळी पडली. पहिली टाळी कुणाची, हे नंतर कुणालाच सांगता आले नाही. मग लोक नीट बघू लागले. कुणाकडे चेंडू किती वेळ राहतो, कोण पटकन सरकवतो, कोण अडवून धरतो. आरोळ्या सुरू झाल्या. खेळाडू आधी रांगेत उभे होते, मग बसले, मग पुढच्यांच्या डोक्यांआडून दिसेना म्हणून उठून गर्दीत मिसळले. मेजावरच्यांच्याही माना ताठ झाल्या. आयुष्यात कुणी त्यांच्यासाठी ओरडले नव्हते.

ऊन उतरू लागले तेव्हा सायाळ लगबगीने हैबतीकडे आले. प्रत्येकाची जागा कुठे संपते यावरून बाचाबाची होते आहे, ते म्हणाले, शिवाय लोक पुढे सरकताहेत. तेव्हा मेजाभोवती रेषा मारून द्या.

हैबतीला नाही म्हणायचे होते. पण नाही म्हटले तर बाचाबाची वाढेल, आणि या मैदानावर वाढलेली बाचाबाची त्याने पाहिली होती. त्याने पोत्याचे भोक मोकळे केले आणि चालू लागला.

तो काठाजवळून जात असताना सुभानाने त्याला पावलांवरून ओळखले.

"सुरू झाला ना रे?"

हैबती थांबला. फक्की एकाच जागी पडून तिचा ढीग होऊ लागला. 

"झाला," तो म्हणाला.

"किती?"

"दोन-दोन."

सुभानाने समाधानाने मान हलवली आणि आरोळ्यांकडे कान टवकारले. आवाज वाढला की त्याचा धड असलेला पुढचा पाय मातीत हळूच पुढे सरके, जणू चेंडू तिथेच आहे.

हैबती पुढे चालत राहिला. त्याची रेषा आजवर कधी वाकडी गेली नव्हती, तशी ती आजही गेली नाही. मेजाच्या लांब कडेने तो गेला, दोन्ही टोकांचे गोलखांब आत घेतले, वळला, दुसऱ्या कडेने परत आला, आणि सुरुवातीच्या टोकाला शेवटचे टोक जुळले. आत मंडळ होते आणि चेंडू होता. बाहेर दोन्ही संघ उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकाने पाय रेषेवर पडला म्हणून चटकन मागे घेतला. पंचाने सुरुवातीची शिट्टी वाजवली.