दोन मोटारींची गाडी

जंगलात नुकत्याच विजेच्या गाड्या आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मुंगूस गाडी घ्यायला निघाला. मुंगसीण म्हणाली, "अहो, गाडीला एकच मोटार असू दे, पण बॅटरी मोठी घ्या. घाटापलीकडे माझी आई आजारी आहे आणि वाटेत चार्जिंग कुठंच नाही."

"तुझं आपलं माहेर एके माहेर. तेवढ्याच किमतीत दोन मोटारींची, दुप्पट जोराची मिळते. पारावरचे बघत राहतील," असं म्हणत त्याने लहान बॅटरीची वेगवान गाडी आणली. पारावरचे खरंच बघत राहिले.

एके सकाळी आईचं जास्त झाल्याचा निरोप आला. निम्म्या घाटात बॅटरी संपली. मुंगसीण पायी निघाली. ती पोचली तेव्हा आईला स्मशानात नेऊन तास झाला होता.

आठवड्याने मुंगूस पारावर सांगत होता, "निम्म्या घाटापर्यंत एकाही गाडीला पुढे जाऊ दिलं नाही मी."