तिसरा तारा

"मग माझ्या वाट्याचा आशीर्वाद कुठं अडकला, काका? सांगा की!"

मिल्काबाईनं विचारलं आणि ओटीवरची कुजबुज थांबली.

धंद्यानं तेलीण. शनिवारी तिचा घाणा कधी फिरला नाही, चूल पेटली नाही, बैलाच्या मानेवर जू चढलं नाही. गावातल्या बेने इस्राएलांत, म्हणजे यहुद्यांत, तिच्याइतकं कडक कुणी नव्हतं, आणि ते ती चारचौघांत ऐकवतही असे.

आज तिची नऊ वर्षांची लेआ जाऊन तिसरा दिवस. गळ्याशी फाडलेली चोळी घालून ती चटईवर बसली होती. ज्याचं माणूस जातं त्यानं सात दिवस जमिनीवर बसायचं. भेटायला येणाऱ्यानं बाकावर.

बाकावर रहमीमकाका होते. गावचे हज्जान, प्रार्थना चालवणारे. मिल्काला अक्षर त्यांनी शिकवलं, शास्त्रही त्यांनीच.

"देवाची मर्जी, पोरी."

"हे शेजारीणही सांगून गेली. तिनं सुतकाची उकडलेली अंडी तरी आणली होती. तुम्ही संदेष्ट्याचं बोला. शनिवार पाळणाऱ्याला देव उंचावर मिरवील, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मिरवलं की. माझ्या लेआला. चौघांच्या खांद्यावर."



काका हळूच म्हणाले, "घसा कधी धरला तिचा?"

"शुक्रवारी तिन्हीसांजेला. दिवे लावले आणि लगेच."

"दवाखाना?"

"दोन कोस."

"बैल?"

"दारात."

"गाडी?"

"तीही दारात. दुसऱ्या दिवशी सांजेला मी अंगणात उभी. तीन तारे दिसले की शनिवार सुटतो, मग जुंपणार होते. दोन दिसले... तिसऱ्यावर ढग होता. ढग सरेस्तोवर पोर गेली."

बाहेर बैलानं मान हलवली. घुंगरू वाजलं.

"जुंपायची होतीस," काका म्हणाले.

"शनिवारी?"

"शनिवारीच. जीव जात असला तर शनिवार मोडावा. तीही त्याचीच आज्ञा."



"लहानपणापासून तुमच्या पायाशी बसले... हे एकदाही सांगितलं नाहीत."

"नाही. भीती वाटली. एवढीशी फट दिली, की लोक घाणेसुद्धा फिरवतील..."



काकांनी सदऱ्याचा गळा दोन्ही हातांनी धरला. हातांत जोर नव्हता. दुसऱ्या ओढीला कापड टरकलं.

"अहो, हे काय करता! हे सख्ख्यांनी फाडायचं असतं!" मिल्काबाई म्हणाली.

ते बाकावरून उतरले. गुडघे कडकडले.

"सरक जरा, पोरी. चटईवर जागा कर."