सटवाजीची घुंगुरकाठी

बोरझरीच्या तळ्याला अजून दगडी सांडवा नव्हता, नुसता मातीचा बांध होता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली म्हणाल तर गावातली म्हातारी माणसं हात हलवून सांगतात, "लई झाली." आपणही तेवढ्यावरच भागवू.

त्या बोरझरीत सटवाजी नावाचा येसकर होता. येसकर म्हणजे गावाच्या वेशीचा राखणदार आणि गावाचा निरोप्या. तो राहायचा गावकुसाबाहेरच्या वाड्यात, म्हणजे आपल्या लोकांच्या वस्तीत, आणि पाटलाचा सांगावा आला की असेल तसा उठायचा. खांद्यावर घोंगडी, हातात वेळूची उंच काठी, काठीच्या शेंड्याला घुंगरांचा झुबका. घुंगरू वाजले की घराघरांतून माणसं दारात येत. येसकर आला म्हणजे बातमी आली, आणि बातमी बहुतेक कुणीतरी गेल्याचीच असायची. एवढी पायपीट करून मिळायचा भाकरीचा तुकडा, आणि तोही लांबून टाकलेला.

पाय मात्र त्याचे वाऱ्याचे होते. बायकोनं चुलीवर ठेवलेलं कालवण उतरायच्या आत तो नदीकाठानं खालच्या सोनारीला निरोप देऊन परत यायचा, असं म्हणतात. कालवण कशाचं होतं ते विचारू नका. हरभऱ्याचं असेल तर शिजायला वेळ लागतोच.

एका वर्षी सटवाजीची धाकटी लेक तापानं फणफणली. चिमाबाई, त्याची बायको, पोरीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती, आणि पाटलाचा गडी दारात येऊन उभा राहिला. सोनारीच्या सोयऱ्यांना सुपारी फोडायचं आमंत्रण द्यायचं होतं. सटवाजी म्हणाला, "लेकराला बरं न्हाई, उद्या जातो." गडी म्हणाला, "पाटलांनी विचारलं न्हाई, सांगितलंय." येसकराला नाही म्हणायची मुभा नव्हती. तो गेला. सोनारीत सोयऱ्याच्या अंगणात पावसात उभा राहिला, लांबून टाकलेली भाकरी चिखलातून उचलली, आणि धावत परत आला तर वाड्यातली माणसं पोरीला माती देऊन नदीवर हातपाय धूत होती.

त्या दिवसापासून चिमाबाईला घुंगरांचा आवाज सोसेना.

पुढं त्या मुलखात एक पाळक आले. ते वाड्यात बसायचे, वाड्यातल्या घरात जेवायचे आणि ख्रिस्ताची गोष्ट सांगायचे. गुडघे एकापुढंच टेकायचे असतात, म्हणायचे, आणि त्याच्यापुढं टेकले की दुसऱ्या कुणापुढं टेकायचं कारण उरत नाही. वाड्यानं हे ऐकलं, विचार केला, आपसांत भांडणंही केली, आणि एका उन्हाळ्यात सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी सटवाजीला विचारलं, "नवं नाव कोणतं घेणार?" सटवाजी म्हणाला, "आईनं ठेवलंय तेच ऱ्हाऊ द्या. फक्त 'आरं सट्या' म्हनू नका."

वाड्यानं मातीच्या भिंती घालून छोटं प्रार्थनामंदिर बांधलं. घंटेला पैसे नव्हते. तेव्हा सटवाजीनं आपल्या काठीचे घुंगरू सोडले आणि मंदिराच्या दारावर दोरीला बांधले. दोरी हलवली की उपासनेची वेळ झाली. काठी त्यानं तिथंच दाराआड उभी केली. पहिले काही रविवार चिमाबाई घुंगरू वाजले की कानावर पदर घ्यायची. मग एका रविवारी ती आपणहून उठली आणि तिनं दोरी हाती घेतली. पुढं ते काम तिचंच झालं.

वाड्यानं गावकीची कामं सोडली. निरोप नेणं नाही, मेलेलं ढोर ओढणं नाही, दारोदार भाकरी मागणं नाही. पाटील संतापला. वाड्याच्या शेळ्यांना रान बंद झालं, खळ्यावरचं धान्य बंद झालं. गाव म्हणालं, माजलेत, पोटाला चिमटा बसला की येतील वळणावर. पोटाला चिमटा बसलाच. तांदुळजाच्या भाजीवर दिवस काढले, पण वळणावर कुणी आलं नाही. मोकळेपण महाग पडलं होतं, आणि महागाची वस्तू माणूस जपून ठेवतो.

अशातच एका भादव्यात पावसानं झड धरली. तळं तुडुंब भरलं. रविवारी सकाळी सटवाजी शेळीला पाला आणायला तळ्याच्या खालच्या अंगाला गेला, तर त्याला बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरताना दिसलं. पाणी निवळ असतं तर गोष्ट वेगळी, पण ते गढूळ होतं. म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघून चालली होती. बोरझरी उंचावर, तिला धोका नव्हता. पण खाली नदीच्या कडेकडेनं सात गावं होती, आणि सगळ्यांत शेवटी सोनारी.

सटवाजीनं वेशीवरूनच हाक मारून बातमी सांगितली, खालच्या गावांना घोडं धाडा म्हणाला, आणि तो उपासनेला गेला, कारण वाड्यालाही सांगायचं होतं. गावात धावपळ उडाली. पाटलानं घोड्यावर माणूस घातला. घोडा काळ्या चिखलात पोटापर्यंत रुतला आणि माणूस परत आला. मग पाटलाला जुनी वाट आठवली. त्याचा गडी मंदिराच्या दारात येऊन ओरडला, "सट्याला पाटलांचा हुकूम हाय. काठी घ्यायची आन् सोनारीपतूर सांगत जायचं."

तोच गडी, तेच दार अडवून उभं राहणं, तीच सोनारी. सटवाजीच्या डोळ्यांपुढं चिखलातली भाकरी आली आणि लेकीचं तापलेलं कपाळ आलं. तो गड्याला म्हणाला, "पाटलांना सांग, हुकमानं सटवाजी जानार न्हाई." गडी गेला. मंडळीनं श्वास सोडला, आणि सटवाजी दाराआडची काठी घ्यायला उठला.

दगडूबा मंडळीतले वडीलधारे. ते आडवे आले. "आज काठी उचललीस की उद्या पाटील म्हणंल येसकर परत आला. परवा म्हणंल ढोर ओढायला या. हे तुझ्या एकट्याचं मोकळेपण न्हाई सटवाजी, आख्ख्या वाड्याचं हाय. आन् कुनासाठी? सोनारीसाठी?"

दगडूबांचं काही चुकत नव्हतं. हे सटवाजीलाही ठाऊक होतं. तरी तो मागं सरला नाही. मग म्हणाला, "दगडूबा, पाटील जा म्हनला म्हनून गेलो, तर मी त्याचा गडी. आन् पाटील जा म्हनला म्हनून बसून ऱ्हायलो, तरी मी त्याचाच गडी. दोन्हीकडून मला त्योच हलवतोय. खाली लेकरं झोपल्यात. मला आज पाटील मधी नकोच."

सटवाजीनं आणखी एकच विचारलं. "आपल्या प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचं पाय धुतलं, तवा त्याला कुनी सांगितलं व्हतं?"

दगडूबा बाजूला झाले. पण काठीला घुंगरू नव्हते, आणि घुंगराशिवाय त्या पावसात कोण दार उघडणार? ते मंदिराच्या दारावर होते. देवाच्या दारातला नाद काढून पुन्हा येसकराच्या काठीला बांधायचा कुणी, म्हणून माणसं एकमेकांकडं बघू लागली. तेव्हा चिमाबाई उठली. तिनं दोरी सोडली, घुंगरू काठीच्या शेंड्याला घट्ट बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. म्हणाली, "त्या दिशी तुमाला धाडलं व्हतं. आज तुमी तुमच्या मनानं चाललाय. जा." एवढं बोलून ती ढसढसा रडली.

आता पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या गावचं सांगावं. पहिल्या गावचे सांगतात, तो ओढ्याच्या पाण्यातून छातीभर ओला येताना दिसला. दुसऱ्या गावचे सांगतात, पाण्यातून कुठला, पाण्यावरून आला. त्यापुढच्या गावांत तर तो कुणाला दिसलाच नाही, नुसते घुंगरू ऐकू आले. आणि नवल असं, की सातही गावांत ते एकाच वेळी ऐकू आले, असं म्हणतात. एक माणूस एकाच वेळी सात गावांत कसा, हे विचारायला बोरझरीला अवश्य जा. चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही.

प्रत्येक गावात लोक दारात आले आणि विचारू लागले, "कोण गेलं?" सटवाजी एकच सांगायचा, "कुनी गेलं न्हाई, आन् कुनी जाऊ नये म्हनून आलोय. बांध फुटतोय. टेकाड गाठा."

सोनारीत तो पोचला तेव्हा पाण्याचा आवाज मागं ऐकू येत होता. गाव टेकाडाकडं पळत सुटलं. त्याच अंगणात, जिथं तो एकदा पावसात उभा राहिला होता, सोयऱ्याची म्हातारी आई ओसरीवर एकटी बसली होती. तिला चालता येत नव्हतं. सटवाजी अंगण ओलांडून सरळ ओसरीवर चढला. म्हातारी म्हणाली, "अरे, तू येसकर ना?" तो म्हणाला, "व्हतो. चला आई." त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि काठी टेकत टेकाड चढला. शिवाशिव त्या पाण्यात वाहून गेली, निदान त्या दिवसापुरती. शेवटचा माणूस वर पोचला आणि मगच बांधाचं पाणी सोनारीत शिरलं. पाणी त्याच्यासाठी थांबलं होतं, असं म्हणतात. घरं गेली, गुरं गेली, माणूस एकही गेला नाही.

टेकाडावर म्हातारीनं कमरेच्या गाठोड्यातली भाकरी काढली, अर्धी मोडली आणि त्याच्या हातात दिली. हातात. सटवाजी तिच्याशेजारी बसून ती जेवला.

पूर ओसरल्यावर तो घरी आला. पाटलानं बोलावणं धाडलं, मानाचं पागोटं द्यायचंय म्हणून. सटवाजी गेला नाही. पुन्हा बोलावणं आलं, येसकरकीचं धान्य दुप्पट करून देतो म्हणून. तेव्हाही गेला नाही. अखेर पाटील स्वतः गावकूस ओलांडून वाड्यात आला. असं त्याच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. मंदिराच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "सटवाजी, हुकूम मोडलास म्हणावं, तर तू गेलास. पाळलास म्हणावं, तर माझ्या माणसाला नाही म्हणालास. मी समजायचं काय?"

सटवाजी म्हणाला, "पाटील, काठी हितं दारात हाय. तळं भरलं की खालच्या गावांना सांगायला कुनीतरी जावं लागनारच. ज्याला वाटंल त्यानं उचलावी. वाड्यातल्यानं उचलावी, गावातल्यानं उचलावी, तुमी उचलावी. सांगनार मातर कुनी कुनाला न्हाई."

पाटलानं काठीकडं पाहिलं, तो वळला आणि गेला. पण रान दुसऱ्या दिवशी उघडं झालं, आणि ढोर ओढायला या म्हणून वाड्यात पुन्हा कधी कुणी आलं नाही.

पुढं वर्षानुवर्षं तळं भरलं की वाड्यातलं कुणी ना कुणी आपणहून काठी उचलायचं. दगडूबांनीही एकदा उचलली. गुडघे दुखतात अशी तक्रार करत गेले आणि तशीच तक्रार करत परत आले. गावातून मात्र कुणी आलं नाही. सटवाजी कधी विचारतही नसे.

मग तो थकला. एका भादव्यात बाजेवर पडला, आणि त्याच आठवड्यात तळं भरलं. चिमाबाईनं विचारलं, "औंदा कुनाला सांगू?" तो म्हणाला, "सांगायचं न्हाई." सकाळ गेली, दुपार झाली. आणि वेशीच्या बाजूनं घुंगरू वाजत खालच्या वाटेला लागले. सटवाजीनं डोळे उघडले. "कोन हाय, बघ."

चिमाबाई दारात गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "पाटील हाय. अनवानी चाललाय. डोक्याला पागोटं बी न्हाई."

"त्यास्नी कुनी सांगितलं?"

"कुनीबी न्हाई."

"मग झालं," सटवाजी म्हणाला. तो हसला, आणि घुंगरू ऐकू येत होते तोवर जागा होता, असं म्हणतात.

आता तळ्याला दगडी सांडवा आहे, आणि पाणी सोडायचं असलं की फोनवर कळतं. मंदिराला मोठी घंटा आली. तरीही तळं भरल्यानंतरच्या रविवारी बोरझरीत घुंगुरकाठी दारात उभी करतात. सगळी मंडळी, गावातलेही येतात, दाराकडं पाठ करून बसतात आणि डोळे मिटतात. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला खुणावायचं नाही, एवढाच नियम. जो काठी उचलेल तो सातही गावांत जातो, आणि सोनारीत त्याला शेजारी बसवून हातात भाकरी देतात.

मध्यंतरी एका वर्षी फार उशीर झाला. काठी हलेना. नवे पाळक अस्वस्थ झाले आणि कुणाचं तरी नाव घ्यावं म्हणून उभे राहिले. पुढच्या बायांनी त्यांचा झगा ओढून त्यांना खाली बसवलं. पोरंसुद्धा चुळबुळ करायची थांबली. कुणीच उचलली नाही तर, असं त्या दिवशी प्रत्येकाच्या मनात येऊन गेलं.

आणि मग दारात घुंगरू वाजले. कोण होतं ते बघायला कुणी वळलं नाही.