रुसून निघालेली सासू

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी पुढे सरकून ऐकावी, मोठ्यांनी मागे बसून ऐकावी, पण ऐकावी सगळ्यांनी.

एका राज्यात एक बहुरूपी होता. बहुरूपी म्हणजे सोंगं घेणारा. आज फौजदार, उद्या गोसावी, तर परवा भांडकुदळ विहीण! सकाळी एखाद्या गावात शिरायचा आणि दुपारपर्यंत सगळं गाव हलवून सोडायचा. कुणी त्याला घाबरायचं, कुणी पाया पडायचं, कुणी भांडायला उठायचं. संध्याकाळी पारावर बसून तो तोंड धुवायचा आणि विचारायचा, "काय मंडळी, ओळखलंत का?" मग जो हशा पिकायचा! लोक सुपं भरभरून धान्य द्यायचे. कधीकधी मात्र तो पकडला जायचा. मग पोरं ओरडत मागे लागायची आणि बिचारा लुगड्याचा सोगा सावरत वेशीबाहेर पळायचा. पण घरी येऊन ते सांगताना सगळ्यांत जास्त तोच हसायचा.

एकदा त्याने चक्क राजालाच फसवलं. शेजारच्या राज्याचा वकील बनून तो दरबारात गेला आणि राजाने त्याला मानाने जवळ बसवून घेतलं. सोंग उघड झालं तेव्हा राजा खूश होऊन म्हणाला, "अरे, तू तर रत्न आहेस! आजपासून तू आमचा दरबारी बहुरूपी."

झालं! राहायला घर मिळालं, डोक्याला मानाची पगडी मिळाली. काम एवढंच, दर सणाला दरबारात एक सोंग आणायचं. आणि मानकरी म्हटल्यावर पुढे भालदार हवाच. तो आधी खणखणीत ओरडायचा, "हुश्शार! दरबारी बहुरूपी गोसाव्याच्या वेषात येत आहेत होऽऽ!"

आता तुम्हीच सांगा, आधीच सांगून टाकल्यावर फसणार कोण? पण हे राजाच्याही लक्षात आलं नाही आणि बहुरूप्याच्याही नाही.

वर्षं गेली. सोंग नीट दिसायच्या आधीच दरबारी मंडळी माना डोलवू लागली. बहुरूपीही सैल पडला. रंग लावताना त्याला जांभया येऊ लागल्या. सण जवळ आला की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

एका दसऱ्याला तर कहरच झाला. भर दरबारात त्याची गोसाव्याची दाढी सुटली आणि टपकन खाली पडली. सगळ्यांनी पाहिलं. आणि सगळे म्हणाले, "वाहवा! वाहवा!"

बहुरूपी दाढी उचलून घरी आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. बायकोला म्हणाला, "अगं, संपलं. आजोबांची ही सोंगांची पेटी मी आज नदीत टाकून येतो. उद्या महाराजांना सांगतो, मला तबेल्यात घोड्यांना खरारा करायला ठेवा. पण सोंग नको. मला वीट आलाय त्याचा."

बायको नवऱ्याला पुरती ओळखून होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "टाका की. पण असेच गेलात तर गावभर बोभाटा होईल. दरबारी बहुरूपी पेटी बुडवायला निघालाय म्हणून वाटेत शंभर जण अडवतील. त्यापेक्षा वेष पालटून जा."

"बरं, पण हे शेवटचं हं!" बहुरूपी कुरकुरला. त्याने लुगडं नेसलं, केसांना राख फासली आणि पेटी डोक्यावर घेतली. सुनेवर रुसून घर सोडून निघालेली सासू बनून तो नदीच्या वाटेला लागला. आज पुढे ललकारी द्यायला कुणी नव्हतं.

नदीच्या अलीकडे एक गाव होतं. गावच्या तळ्यावर बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अहो आजी, एवढी मोठी पेटी घेऊन कुठं निघालात?"

बहुरूपी दचकला. सोंगात असताना त्याला खराखुरा प्रश्न विचारल्याला युगं लोटली होती. आवाज घोगरा करून तो म्हणाला, "जाते बाई कुठंतरी. सुनेच्या राज्यात माझं काय काम!"

मग काय, धुणं राहिलं बाजूला. "काय केलं हो तिनं?"

"मी आमटीत मीठ घातलं की ती पुन्हा घालते. वर म्हणते, आत्याबाई, तुमची जीभ म्हातारी झाली!"

"बाई बाई बाई! कलियुग आलं गं!" एक सासू हळहळली.

"पण खरंच कमी पडत असेल की मीठ," एक तरुण सून फणकारली.

आणि जी जुंपली म्हणता! सासवा एकीकडे, सुना दुसरीकडे. मध्ये बसून बहुरूपी पदराने डोळे पुसत होता आणि पदराआड त्याला हसू आवरत नव्हतं. एक शब्द चुकला तर आपली धडगत नाही, हे त्याला कळत होतं. तरी त्याला इतकं छान वाटत होतं की नदी कुठे आहे हेही तो विसरला.

शेवटी एकीला दया आली. "चला आजी, आमच्याकडे दोन घास खाऊन घ्या." बहुरूपी टुणकन उठला.

"थांब गं," मागून आवाज आला. काठावर एक खूप म्हातारी बाई इतका वेळ गप्प बसून बघत होती. "वय काय म्हणालीस तुझं?"

"सत्तरी उलटली."

"सत्तरी उलटली आणि गुडघ्यावर हात न टेकता उठलीस? एकदा 'आई गं' नाही, काही नाही? लबाडा, कोण आहेस तू?"

बहुरूप्याने पदर खाली घेतला. मग ओल्या कपड्यांचे पिळे जे उगारले गेले! पण तो पळाला नाही. हसत हसत त्याने म्हातारीचे पाय धरले. "आजी, पकडलंत मला! किती वर्षांनी कुणीतरी मला पकडलं हो!"

"आम्ही तुला खरी समजून बघत होतो, बाबा, म्हणून चूक दिसली," म्हातारी म्हणाली. "बस आता. म्हातारं माणूस कसं उठतं ते दाखवते."

दुपारभर बहुरूपी तिच्याकडून उठायला-बसायला शिकला. पेटी घेऊन घरी परतला तो जवळजवळ धावतच.

दुसऱ्या दिवशी तो राजाला म्हणाला, "महाराज, माझा भालदार काढून घ्या. मी कधी येणार, कोण बनून येणार, हे यापुढे सांगणार नाही. जो मला पकडेल, त्याने माझी मानाची पगडी महिनाभर मिरवावी."

"अरे, पण फजिती होईल तुझी!"

"होऊ द्या, महाराज. कित्येक वर्षांत ती झाली नाही, तिथेच सगळं बिघडलं."

राजाला गंमत वाटली. त्याने होकार दिला.

पहिल्या वर्षात बहुरूपी चार वेळा पकडला गेला आणि चारही वेळा शीळ घालत घरी गेला. दरबार असा जागा झाला की मंत्री मंत्र्याकडे डोळे बारीक करून पाहू लागला. एके दिवशी तर राजपुरोहित आत येताच राजा सिंहासनावरून खाली उतरला आणि "पकडला!" म्हणत त्याने त्यांची दाढी जोरात ओढली. पुरोहित कळवळून ओरडले. दाढी खरी होती! आणि सिंहासनामागे चवरी ढाळणारा सेवक पोट धरून हसत मटकन खाली बसला. तोच होता बहुरूपी!

तर मंडळी, आवडीच्या कामात फजितीला जागा ठेवा; ती जागा बुजली की आवडही जाते.